अक्कानं उकळलेलं पाणी

उदगीर,
१८ जून २०१६

परमपूज्य अकिंचनमुनीजी महाराज यांच्या चरणी,

गुरुबसप्पाचं तुमच्या रीतीनं मत्थएण वंदामि, आणि आमच्या लिंगायत रीतीनं शरणु शरणार्थी. टाचेच्या भेगा आता बऱ्या असतील. लातूरच्या जैन स्थानकात निदान सावली तरी मिळत असेल. इकडं मृग कोरडाच चाललाय. रोज दुपारी आभाळ भरून येतं आणि देवणीकडं निघून जातं.

स्थानकाच्या शेठजींमार्फत तुमचा निरोप तीनदा आला, दुष्काळाची फिल्म कुठं अडली म्हणून. उत्तर फोनवर पाठवलं तर शेठजी ते सगळ्या स्थानकासमोर मोठ्यानं वाचून दाखवतात. म्हणून हाताने लिहून राहिलो. कृपा करून हे तुमचं तुम्हीच वाचा.

तर फिल्म का अडली? लाईट टिकत नाही. दुकानातला कॉम्प्युटर अर्ध्या तासात तापतो. वर लग्नाच्या शूटिंगवाले रोज दारात, 'आमची सीडी कधी देतो' म्हणून. आणि ह्या सगळ्यांवर कडी म्हणजे जिल्हा समितीचे आप्पासाहेब. उदगीर जिल्हा होणार, ह्या एका बोलण्यानं गाव येडं झालंय. रोज येऊन बसतात, माझाच चहा पितात आणि म्हणतात, "गुरुबसप्पा, शेवटाला एक पाटी टाक. जिल्हा झाला की पानी आलंच म्हून." मी म्हणालो, "कलेक्टर काय डोक्यावर घागर घिऊन येनार हाय का?" तर फुगले. पाटी नाही तर दाखवायला हॉल नाही म्हणे. डोकं उठलंय माझं ह्या माणसापायी. दारूबंदीच्या फिल्मला असलेच लोक आडवे आले होते, तेव्हा तुम्ही सोबत होता. आता एकट्यानंच तोंड देऊन राहिलो.

ही कारणं खोटी नाहीत. पण फिल्म त्यानं अडलेली नाही, महाराज. ती हणमंतवाडीच्या शॉटपाशी अडली आहे. रोज तिथवर येतो आणि मशीन बंद करतो.

तुम्ही कॅमेऱ्याला हात लावत नाही, पडद्याकडं पाठ करून बसता. कुठला शॉट कसा आला ते मी सांगायचं आणि तुम्ही डोळे मिटून ऐकायचं, असं तीन वर्षं चाललंय. मी तो तुकडा गुपचूप कापून टाकला असता तर तुम्हाला जन्मात कळलं नसतं. तसा विचार आलाही होता. पण तुमच्याशी तसं वागायला हात धजत नाही. म्हणून तो शॉट कसा आला ते आज सांगतो. त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं होतं.

मे महिन्यातली सकाळ, साडेनऊची. तुम्ही चौदा किलोमीटर चालून आलेले. फ्रेममध्ये शरणम्माअक्काचं दार, दारात अक्का, हातात पितळेचा तांब्या. भावजी गेल्यापासून ती त्या घरात एकटीच असते. टँकर आठवड्यातून एकदा, म्हणून पहाटे जाऊन दोन कोस लांबच्या बोअरवरून एक घागर आणलेली. तुराट्या जाळून उकळलेली, फडक्यानं गाळलेली. तुम्ही पात्र पुढं केलं आणि रिवाजाप्रमाणं विचारलं, "बाई, हे पाणी कुणासाठी उकळलं?"

अक्का हसली. म्हणाली, "तुमच्यासाठीच की, महाराज."

तुम्ही पात्र मागं घेतलं. साधूसाठी मुद्दाम केलेलं साधूला चालत नाही. मग विचारलं, "उकळायला कुणी सांगितलं होतं का?"

इथं ती कॅमेऱ्याकडं बघते. म्हणजे माझ्याकडं. आणि म्हणते, "कुनीबी न्हाई, महाराज. माझंच मन झालं."

महाराज, मी सांगितलं होतं. आदल्या संध्याकाळी फोन करून. "अक्का, महाराज येनार, त्यांना उकळलेलंच लागतंय, तेवढं करून ठिव." नियम मला पाठ आहे. तीन वर्षं तुमच्यामागं फिरलो, किती घरांतून तुम्ही असे परत फिरलात ते बघितलंय. तरी केलं. तुम्हाला तहान लागेल म्हणून केलं असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण ते खरं नाही. दुष्काळातल्या बाईनं आपलं शेवटचं पाणी साधूच्या पात्रात ओतलं, एवढा एक शॉट मला पाहिजे होता. त्याच्यासाठी केलं. आणि तिनं मला वाचवायला खोटं सांगितलं तेव्हा मी कॅमेऱ्यामागं गप्प उभा राहिलो. नुसता गप्प नाही. तिच्या चेहऱ्यावर झूम केलं.

तुम्ही हात जोडून तसेच कोरड्या घशानं पुढच्या गावाला गेलात. तुमचं व्रत टिकलं. इकडं काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही.

गावात झालं असं, की महाराजानं शरणम्माच्या हातचं पाणी नाकारलं. का नाकारलं ते कुणाला ठाऊक नाही, आणि विचारायची गरजही नाही. नवरा असा अचानक गेला, म्हणजे हिच्यातच काही असेल, असं ज्याच्या त्याच्या तोंडी. टँकर आला की बाया तिला आपल्या घागरीला हात लावू देत नाहीत. "तू हो जरा तिकडं," म्हणतात. ती शेवटाला उभी राहते आणि पाइपातलं गढूळ खाली राहिलेलं घेऊन येते. गौरम्मा, तिची शेजारीण, जिच्या पोरीचं बाळंतपण अक्कानं केलं, तीसुद्धा हिच्या ओट्यावर टेकत नाही. मी गावात जाऊन ओरडून आलो, "त्यांचा नियम हाय रे, हिचा दोष न्हाई!" तर एकजण म्हणाला, "तू भाऊच हायेस, असंच बोलनार."

आणि परवा शेठजींनी तुमच्या प्रवचनाचं रेकॉर्डिंग पाठवलं. त्यात तुम्ही हीच गोष्ट सांगितली. "एका अजाण बाईनं भक्तीच्या भरात," असं म्हणालात. लोकांनी जयजयकार केला. महाराज, मला राग आला. तुमचा आला, माझाही आला. ती माझी थोरली बहीण आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. तिनं मला कडेवर वाढवलंय. अजाण म्हणायचं तर मला म्हणा, नाहीतर लबाड म्हणा. फिल्म गर्भपाताच्या विरोधात काढली, छावणीतल्या गुरांसाठी काढली, गावोगाव माणसं रडली. आणि ह्या फिल्मनं माझ्याच घरातल्या बाईला रांगेच्या शेवटी नेऊन उभं केलं.

मागच्या सोमवारी तिच्याकडं गेलो. चुलीवर पाणी उकळत होतं. म्हणालो, "अक्का, हे कुनासाठी?" ती म्हणाली, "माझ्यासाठी. मी आता उकळलेलंच पिते." उदगीरच्या बाजारात एका मारवाडी जैन बाईला तिनं सगळं विचारून घेतलं होतं. घरच्या माणसानं स्वतःसाठी उकळलेलं असलं तर त्यातलं साधूला चालतं. तेव्हापासून महिना झाला, ही बाई ह्या उन्हात, मोजून मिळालेल्या पाण्यातलं उकळून कोमट पिऊन राहिली. मी रडलो तर म्हणाली, "येतील न येतील, त्यांची मर्जी. दारात पुन्हा उभं राहिले, तर मला खोटं बोलायची पाळी येऊ ने."

लातूरहून चातुर्मासाला नांदेडला निघाल ते अहमदपूरच्या रस्त्यानं. उदगीरकडून गेलात तर चार मुक्काम वाढतील. एकदा बसलात की चार महिने हलता येणार नाही, आणि चार महिने अक्काला काढवणार नाहीत. म्हणून हात जोडून मागतो, हणमंतवाडीवरून जा. टँकरच्या रांगेसमोर तिच्या दारात उभे राहा, आणि विचारायचं ते विचारा.

कधी येणार ते मला कळवू नका. कळलं तर माझ्या तोंडून जाईल, आणि मग ते पाणी पुन्हा तुमच्यासाठी होईल. कॅमेरा घेऊन मी येणार नाही. तुम्ही पाणी घेतलंत हे मला गावाकडून कळू दे, त्या दिवशी फिल्म पुरी करून देतो. तो शॉट राहील. फक्त त्याखाली माझं नाव घालून खरं काय ते लिहीन.

शरणम्माला पाणी उकळायला सांगणारा, तिचा धाकटा भाऊ,
गुरुबसप्पा