चर्चच्या दारातले बूट

ती. सरलामावशीस,

विक्रमचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला गेला का? (गेला नसेल तर सिगारेटचं पाकीट माळ्यावर बघ.) मी ठणठणीत आहे. हे सगळं फॅमिली ग्रुपवरच टाकणार होतो, पण तिथे तुझे दीर गिरीशकाका आहेत. मी राहतो त्यांच्या घरात, राबतो त्यांच्या पेट्रोल पंपावर, तेव्हा म्हटलं कागदच बरा.

मावशी, दहावीला दोनदा गचकलेल्या तुझ्या भाच्याने इथे टेक्सासमध्ये अख्ख्या गावाचा नियम बदलला.

झालं असं. आमच्या पंपाशेजारी पेडे लोनचं दुकान आहे. पगाराच्या आधी पैसे देतात, पगार झाला की वर भरपूर लावून परत घेतात. गाडीचे टायर गेले म्हणून मी तिथून तीनशे डॉलर उचलले (गिरीशकाकांकडे मागितले असते तर टायरआधी तासभर भाषण मिळालं असतं). दर दोन आठवड्यांनी पंच्याहत्तर भरले की मुदत वाढते. सहा महिन्यांत नऊशे भरले आणि तीनशे आपले जागच्या जागी. मी गणितात कच्चा आहे, पण इतकाही नाही.

समोरच्या चर्चमध्ये बुधवारी फुकट जेवण असतं (चिकन बरं असतं, तिखट आपलं आपण न्यायचं). तिथे वाढणाऱ्या डोरीनआजींना मी हे बोलता बोलता सांगितलं, तर त्यांनी हातातला चमचा खालीच ठेवला. त्यांच्याकडची निम्मी माणसं त्याच दुकानात अडकलेली. मुदत तीनदाच वाढवता यावी आणि दर वेळी थोडं मुद्दलही फिटावं असा नियम करा, म्हणून पास्टर वर्षभर नगरपालिकेच्या मागे लागलेले. सात नगरसेवकांत तीन बाजूने, तीन विरोधात आणि एका बाईंचं काही ठरेना. पालिकेचा हॉल लहान पडेल म्हणून सुनावणी चर्चमध्येच ठेवली होती. आजी म्हणाल्या, तू बोल.

मी इस्त्रीचा शर्ट घातला, चांगले बूट चढवले आणि गेलो. दारात मोठं खोकं, आत बूट-चपला. देवाच्या दारी पायताण घालून आत कोण जातं? मी बूट काढून खोक्यात नीट ठेवले (टोकन कोण देतंय म्हणून मिनिटभर थांबलोही) आणि नुसत्या मोज्यांवर आत शिरलो. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. बाकी सगळे बुटांत बसलेले. मला वाटलं, या लोकांना काही वळणच नाही.

आधी दुकानाचा वकील बोलला. झकास सूट, आणि बूट असे की वाकून भांग पाडून घ्यावा. म्हणाला, आम्ही कुणावर जबरदस्ती करत नाही, आम्ही नसलो तर गरिबाला देणार कोण? लोक माना डोलवायला लागले. मग मी उठलो. माझं इंग्रजी तुला माहीत आहे. "तीनशे घेतले, नऊशे दिले, अजून तीनशे द्यायचेत," एवढंच म्हणालो. त्या न ठरलेल्या बाई माझ्या पायांकडे बघत होत्या. मग वकिलाच्या बुटांकडे. मग पुन्हा माझ्या अंगठ्याकडे. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मला वाटलं, काय भाषण ठोकलं आपण. चार विरुद्ध तीन, नियम पास.

बाहेर आलो तर खोकं गायब. ते गोरगरिबांना वाटायच्या बुटांचं होतं. नवरदेवाच्या थाटात मोज्यांवर घरी चालत आलो.

रविवारी पास्टरांनी मला सगळ्यांसमोर बोलावलं आणि अनवाणी भावाला भेट म्हणून त्याच खोक्यातला एक जोड दिला. सुनावणीला मी घालून गेलो होतो, तोच. पायात घातला तर नेमका बसला. लोक म्हणाले, चमत्कार. मी कशाला नाही म्हणू? पेपरवाल्याने फोटोही काढला.

तुझा विजयी भाचा,
विक्रम

ता.क. नियम फक्त नव्या कर्जांना लागू आहे. माझं जुनं. शुक्रवारी परत पंच्याहत्तर भरून आलो. दुकानातली मुलगी म्हणाली, फोटो छान आलाय.

ता.क. २. खरं काम राहिलंच. ते बूट गिरीशकाकांचे, न विचारता घातलेले. आठवडाभर ते घर उलथंपालथं करतायत. फोटो पहिल्या पानावर आहे. पंपावर आलेल्या सगळ्या प्रती मीच विकत घेतल्या, पण चर्चमधलं कुणीतरी त्यांना कौतुकाने दाखवणारच. तेवढा भावजींना फोन करून सांग, की अगदी तस्साच जोड तू मला तिकडून पाठवलास. फक्त, देवळात चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यांनी बुटाच्या जिभेच्या आत पेनाने स्वतःचं नाव लिहून ठेवलंय. त्याबद्दल विचारलंच, तर तूही चमत्कार म्हण.