आठ नंबरचा पाय

अण्णा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. आखातात, फुजैरातल्या त्या मॅचच्या संध्याकाळी तुम्ही मला एकच प्रश्न विचारलात, आणि मी जे उत्तर दिलं त्यावर तुमचं पुढचं सगळं आयुष्य फिरलं. त्या उत्तराबद्दल लिहायचं आहे. तोंडाने सांगायची संधी कितीतरी वेळा आली होती. मी रजेवर गावी यायचो, तुम्ही पुढच्या पडवीत बसलेले असायचात, आणि मी कलमांचं, शेजारच्या बांधाचं बोलत राहायचो.

तुम्ही तिथल्या एका फुटबॉल क्लबात मसाजचं काम करत होतात. रत्नागिरीच्या हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात वॉर्डबॉय म्हणून काम करता करता हात तयार झाले, ते हात घेऊन तुम्ही आधी लेबर कॅम्पच्या दवाखान्यात आलात आणि तिथून डोंगराच्या पायथ्याच्या त्या मैदानावर. खेळाडू तुम्हाला डॉक्टर म्हणायचे आणि तुम्ही दर वेळी ‘नो डॉक्टर, ओन्ली मसाज’ म्हणून हसायचात. मी बंदरावर एका शिपिंग एजंटाकडे क्लार्क होतो. कॉलेजात मार्क मिळतात म्हणून घेतलेलं माझं फ्रेंच, जहाजांवरच्या फ्रेंच कॅप्टनांशी बोलून बोलून जरा बरं झालेलं. क्लबने फ्रेंच खेळाडू आणला तेव्हा मॅनेजरने तुम्हालाच विचारलं, तुम्हारा लडका आएगा ना? तसा मी त्याचा दुभाष्या झालो.

तो बावीस वर्षांचा होता. तेराव्या वर्षी घर सोडून एका मोठ्या क्लबच्या अकादमीत राहायला गेलेला. अठराव्या वर्षी पहिल्या संघात उतरला, सहा मॅच खेळला, मग गुडघा गेला, ऑपरेशन झालं. त्यानंतर खालच्या श्रेणीतल्या क्लबांना कधी याला, कधी त्याला उसना दिला गेला. एजंटाने त्याला सांगितलं होतं की गल्फमध्ये एक सीझन काढ, गोल कर, तिकडे तुला परत बोलावतील. त्याचा त्यावर पूर्ण विश्वास होता. तुम्ही त्याचा गुडघा कोमट तेलाने चोळायचात, मराठीत त्याला दटावायचात, आणि तो फ्रेंचमध्ये तुम्हाला आपल्या आईबद्दल सांगायचा. मी मध्ये नसलो तरी तुमचं चालायचं. एक शुक्रवार आठवतो, तो आपल्या किचनमध्ये ओट्याला टेकून उभा राहतो, तुम्ही सुरमईचे तुकडे तव्यावर उलटताय, आणि तो बोट भाजून घेत तव्यातलाच तुकडा उचलतो. तुम्ही त्याच्या हातावर उलथनं मारलंत. मला म्हणालात, त्याला सांग, आधी भात वाढू दे. मी सांगितलं. तेव्हा मी सगळं बरोबर सांगत होतो.

कोच पूर्व युरोपातला होता, मोडकं इंग्रजी बोलायचा. डिसेंबरपर्यंत आपल्या फ्रेंच पोराचे दोनच गोल झाले होते आणि जानेवारीत त्याला ठेवायचं की घरी पाठवायचं ते ठरणार होतं. त्याच दिवसांत ती मॅच आली. समोरच्या संघात आठ नंबरचा एक इमाराती खेळाडू होता, ठेंगणा, फार चपळ, आणि पहिल्या मिनिटापासून तो आपल्या पोराच्या त्याच गुडघ्यावर लाथा घालत होता. तिसऱ्या वेळी पोरगा पडला तो उठेना. तुम्ही बॅग घेऊन आत धावलात. आठ नंबरला वाटलं तुम्ही वेळ काढताय. तो ‘यल्ला, यल्ला’, चला लवकर, असं ओरडत आला, तुमची बॅग पायाने उडवली, आणि तुम्ही त्याला थोपवायला हात वर केलात तेव्हा त्याने सरळ कोपर तुमच्या तोंडावर हाणलं. तुम्ही बसल्या जागी मागे कलंडलात. मी बेंचवरून धावत आलो. तुमचे पुढचे दोन दात हातात आले होते आणि तुम्ही ते गवतात पडू नयेत म्हणून मुठीत धरून ठेवले होते. रक्त मी शर्टाच्या बाहीने पुसलं. रेफ्रीने आठ नंबरला पिवळं कार्ड दाखवलं, बस. तुम्ही कापसाचा बोळा चावून धरलात आणि आधी पोराचा गुडघा बघितलात.

हाफ टाइमला तुम्ही नळावर तोंड धूत होतात. आत कोच पोरासमोर उभा राहिला आणि मला म्हणाला, “टेल हिम. नंबर एट, स्टॉप हिम. ही डोन्ट स्टॉप, आय टेक हिम आउट.” म्हणजे आठ नंबरला रोख, नाहीतर तुला बाहेर काढतो. एवढंच. फ्रेंचमध्ये रोखायला एक शब्द आहे आणि मोडायला दुसरा. मला दोन्ही येत होते. माझ्या बाहीवर तुमचं रक्त होतं, अजून ओलं. मी म्हणालो, “कोच म्हणतोय, आठ नंबरचा पाय मोड. नाहीतर तुझं इथलं संपलं.” पोराने माझ्याकडे पाहिलं. मग खात्री करायला त्याने कोचकडे पाहिलं, आणि कोचने मान डोलावली. मी काय बोललो ते कोचला कळलं नव्हतं. तो आपल्या वाक्याला मान डोलावत होता.

दहा मिनिटांत झालं. आठ नंबर बॉल घेऊन वळत होता, त्याचा सगळा भार डाव्या पायावर होता, आणि पोरगा दोन्ही पाय पुढे काढून घसरत त्या पायावर गेला. आवाज बेंचपर्यंत आला. वाळकी फांदी गुडघ्यावर ठेवून मोडावी तसा. घोट्याच्या वरून पाय बाहेरच्या बाजूला वळला होता आणि मोज्यातून हाड दिसत होतं. मग सगळे सगळ्यांना मारू लागले. त्यांच्या गोलकीपरने पोराला मानेला धरून जमिनीवर आपटलं, दोघंतिघं त्याच्या बरगड्यांत लाथा घालत होते. आपले लोक गेले, बाकावरचे गेले, प्रेक्षकांतून बाटल्या आणि चपला आल्या. कोणीतरी कॉर्नरच्या झेंड्याची काठी उपटली होती. पोलीस येईपर्यंत तुम्ही एकटेच त्या गर्दीत आठ नंबरपाशी गुडघ्यावर बसला होतात, त्याचा पाय दोन्ही हातांनी स्थिर धरून, तोंडातून रक्त ठिबकत असताना. ज्याने तुमचे दात पाडले त्यालाच तुम्ही ‘खलास, खलास, हबीबी, हिलो मत’ म्हणत होतात. तो तुमच्या दंडात नखं रुतवत होता, वेदनेने.

संध्याकाळी आपल्या किचनमध्ये तुम्ही स्टुलावर बसलात. गाल सुजून बोलणं नीट येत नव्हतं. तुम्ही विचारलंत, “कोच नक्की काय म्हणाला होता?”

मी म्हणालो, “पाय मोड म्हणाला.”

 तुम्ही म्हणालात, “पोरगं स्वतःहून तसं करणारं नाही, मला ठाऊक होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कोच मसाजरूममध्ये आला तेव्हा तुम्ही त्याला मारलंत. मी नंतर पोहोचलो. दाराशी रक्ताचे थेंब होते, लाकडी स्टुलाचा एक पाय सुटून पडला होता. कोचची भुवई फुटली होती आणि कान अर्धा फाटला होता, आणि त्याला शेवटपर्यंत कळलं नाही की का. गाडी भरायला आलेला एक मलबारी सांगत होता की डॉक्टर त्याच्या छातीवर बसून एकच वाक्य परत परत म्हणत होते, कोणत्या भाषेत ते समजलं नाही. ज्या माणसाने मला आयुष्यात कधी बोट लावलं नाही त्याच्याबद्दल मी हे ऐकत उभा होतो. दोन दिवस तुम्ही पोलीस स्टेशनात होतात. तुमचा व्हिसा काढणाऱ्या स्पॉन्सरने मध्यस्थी केली, कोचने तक्रार मागे घेतली, पण अट एकच, देश सोडायचा. एकोणीस वर्षांचं सामान आपण एका दुपारी बांधलं.

तुम्ही गावी पोचल्यावर चौकशी झाली. कोच म्हणाला, मी ‘स्टॉप’ म्हणालो. त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, होय, मीही तेच भाषांतर केलं. चौकशीला दुसरा एक अल्जेरियन दुभाष्या होता, त्याने माझं उत्तर पोराला फ्रेंचमध्ये सांगितलं. पोराने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि समोरच्या कागदावर सही केली. त्याला उरलेल्या सीझनची बंदी झाली, क्लबने करार तोडला. तिकडे परत गेल्यावर ‘पाय मोडणारा’ म्हणून त्याला कोणी उभं केलं नाही. एका लहान गावाच्या संघात तो दीड वर्ष खेळला, मग गुडघा पुन्हा गेला, आणि पंचविसाव्या वर्षी सगळं संपलं. आठ नंबरही परत खेळला नाही. बंदराच्या एका ऑफिसात तो काउंटरवर बसू लागला. माझ्या कागदांवर तो शिक्के मारायचा, आणि पलीकडच्या टेबलावर जायला उठला की डावा पाय ओढत जायचा.

हे पोराचं शेवटचं तुम्हाला माहीत आहे, कारण त्याचं पत्र तुम्हाला गावी आलं होतं. मी मे महिन्यात आलो तेव्हा तुम्ही ते जपून ठेवलं होतं, न समजलेलं. मी वाचून दाखवलं. गुडघा, गावाचा संघ, तुमच्या हातची मच्छी, आईने तुम्हाला नमस्कार सांगितलाय, हे सगळं वाचलं. मधला एक परिच्छेद वाचला नाही. त्यात लिहिलं होतं, ‘पाय मोड, असं मला तुमच्या मुलाने सांगितलं. पण ज्याने मोडला तो पाय माझाच होता, म्हणून मी त्याला दोष देत नाही. तुम्ही माझ्यासाठी ज्याला मारलंत त्याने ते सांगितलं नव्हतं, एवढं तुम्हाला माहीत असावं.’ तुम्ही कागद परत घडी घालून ठेवलात आणि म्हणालात, चांगलं पोरगं, त्या कोचने वाटोळं केलं त्याचं. मी हो म्हणालो.

रागाच्या भरात तोंडून गेलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. हाफ टाइमनंतरची ती दहा मिनिटं मी बेंचवर बसून वाट बघत होतो, आणि आवाज आला तेव्हा, अण्णा, मला बरं वाटलं होतं.