कमरेचा दोर

४ नोव्हेंबर
आज कँटीनमध्ये बोललो. विषय : माणसाची उंची डोंगरावर ठरते. टाळ्या पडल्या. भाषणाच्या भरात जाहीर करून टाकलं की जानेवारीतल्या डोंगर-दौडीत बगळ्याचा जोडीदार मीच.

बगळा म्हणजे आमच्या कारखान्यातला वेल्डर, माझा शाळेपासूनचा मित्र. पाय लांब, बोलणं आखूड. त्याच्या जुन्या जोडीदाराची बदली झाली. बगळ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत ठरलंय आणि डॉक्टरांनी बजावलंय की नंतर धावणं बंद. म्हणजे ही त्याची शेवटची दौड. माथ्यावरची घंटा त्याला आजवर एकदाही वाजवता आलेली नाही. दर वेळी काहीतरी आडवं आलं.

सुटी झाल्यावर बगळा म्हणाला की तो क्रेनवाल्याला विचारणार होता. पण आता सगळ्यांसमोर मी बोललोच आहे, तर राहू दे. भिडस्त स्वभाव. मनातून खूश असणार.

६ नोव्हेंबर, पहाटे
सराव सुरू. (गजर वाजला. बाहेर धुकं. धुक्यात धावणं अशास्त्रीय.)

२१ नोव्हेंबर
धावण्यावरची तीन पुस्तकं आणली. श्वासाचं प्रकरण अप्रतिम. बगळ्याला वाचून दाखवलं. तो बुटांच्या नाड्या बांधत होता. म्हणाला, चल. म्हटलं, आधी सिद्धान्त. तो एकटाच गेला. सिद्धान्ताशिवाय कृती आंधळी असते, हे कामगारांना कोण सांगणार?

१२ डिसेंबर
पुलापर्यंत धावलो. परत रिक्षाने. बायको म्हणाली, अहो, तोंडाइतके पाय चालले असते तर केव्हाच माथ्यावर पोचला असतात. श्वासाचं प्रकरण पुन्हा उघडलं. घरात श्रोता नसतो, फक्त विरोधी पक्ष असतो.

२ जानेवारी
नवा संकल्प : रोज जिने. लिफ्टवर बहिष्कार.

३ जानेवारी
बहिष्कार तूर्त स्थगित. हातात भाजीची पिशवी होती.

१८ जानेवारी
दौडीचा नियम बगळ्याने पुन्हा समजावला. धुक्यात कुणी चुकू नये म्हणून दोघांच्या कमरेला एकच दोर. दोर सुटला की जोडी बाद. माथ्यावर दोघांनी बांधलेल्या अवस्थेत घंटा वाजवायची. मी म्हटलं, हा दोर नव्हे, ही एकजूट आहे. तो म्हणाला, गाठ नीट शिक.

२५ जानेवारी, संध्याकाळ
दौड झाली. 

खालपासूनच गारा. वर वारा असा की बोललेलं तोंडात परत येई. बगळा पुढे, मी मागे. दोर बहुतेक वेळ ताठ होता. माझं वजन त्याला मार्गदर्शनासारखं उपयोगी पडलं असावं. क्रेनवाला आपल्या भाच्याला घेऊन आम्हाला ओलांडून गेला. जाताना ओरडला, बगळ्या, पोतं खाली ठेव! हलकट.

शेवटच्या वळणावर पत्र्याचं शेड लागलं. वरची घंटा ऐकू येत होती. मी बसलो. अशा हवामानात माणसांना पळवणं हा गुन्हा आहे, यावर शेडमधल्या लोकांशी बोललो. मुद्देसूद झालं. दोघांनी माना डोलावल्या. ते चहावाले होते.

बगळा म्हणत होता, ऊठ. पुन्हा म्हणाला, ऊठ रे, हा काय माथा समोर दिसतोय. त्याचा गुडघा सुजून फुगला होता. माझं काळीज हललं. ज्याच्यासाठी मी आलो, त्यालाच मी अडवतोय? मी उभा राहिलो आणि माझ्या हाताने गाठ सोडली. म्हटलं, जा मित्रा, तू मोकळा.

याला त्याग म्हणतात.

तो दोराच्या सुटलेल्या टोकाकडे बघत राहिला. मग एकटाच लंगडत वर गेला. घंटेला हात लावू दिला नाही म्हणे. नियम! भावनाशून्य व्यवस्था! निषेधाचा मसुदा उद्या.

मी खाली उतरलो. चांगल्या वेगात, बऱ्याच जणांच्या आधी. म्हणजे पायांत दम होता.

२७ जानेवारी
बगळा कामावर बोलला नाही. थकवा असेल.

१४ फेब्रुवारी
ऑपरेशन झालं. त्याच्या घरी भेटायला गेलो. धीर देणारं थोडं बोलणं तयार होतं. वहिनींनी दारातच सांगितलं की ते झोपलेत. आतून रेडिओ मोठ्याने चालू होता. जाताना त्यांनी विचारलं, भाऊजी, उठायला काय झालं होतं हो?

मी परिस्थिती समजावली. हवामान, व्यवस्था, गुडघा. मध्येच दार लागलं. वाऱ्याने.

९ मार्च
पुढच्या वर्षी एकटा वर जाणार आणि बगळ्याच्या नावाने घंटा वाजवणार. हे त्याला समोरासमोर सांगायचं. भाषण तयार : सुरुवात शाळेच्या आठवणीने, शेवट दोरावर. पाठ झालं.

१६ मार्च
लिफ्ट बंद. जिन्याने वर घरी निघालो. दुसऱ्या मजल्यावर पायरीवर टेकलो, जरा श्वासासाठी. वरून काठीचा आवाज येत होता. एक पायरी, थांबणं, एक पायरी.

बगळा. दौडीच्या दिवशी त्याच्या पिशवीत राहिलेलं माझं जाकीट तो चौथ्या मजल्यावर आमच्या घरी देऊन परत निघाला होता. तो गुडघा घेऊन.

माझ्यापाशी येऊन थांबला. मी म्हटलं, आठवतं का, शाळेत...

तो म्हणाला, सरक जरा. जाऊ दे मला.

सरकलो.

जेवण झाल्यावर लिफ्टबद्दल सोसायटीत बोलायचे मुद्दे काढायला बसलो. एकही सुचला नाही.