रिकामी लिफ्ट

ठमे,

मंगळवारी दवाखान्यातून फोन आला आणि तुझी आई गेल्याचं कळलं, तेव्हापासून मला एकच गोष्ट उमगत नाही. महिन्यापूर्वीच तिचा ईसीजी काढला होता आणि तो चांगला आला होता. मग झटका आला कुठून?

आज तिची फाईल उघडली. ईसीजीच्या मागे डॉक्टरांचा कागद होता, ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासा म्हणून. तेव्हा ती म्हणाली होती, "रिपोर्ट चांगलाय ना? आता काय मला घोड्यासारखं पळवणार?" मीही हसलो आणि ते राहूनच गेलं.

ईसीजी काढला तेव्हा ती निजून होती. छाती दाटायची ती आपले चार मजले चढताना. "लिफ्टवाल्याची बायको आणि नशिबात जिना," म्हणायची. तीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त करतोय. रिकामी लिफ्ट चालली म्हणून कधी सही केली नाही, वजन चढवूनच बघतो. मग घरी हे का सुचलं नाही? सुचलं असतं तर ती वाचली असती का, तेही कळत नाही. तेच डॉक्टरांना विचारायला चाललोय.

दूध तापवून ठेवलंय.

काल जिना चढताना तू दोनदा थांबलीस. विचारलं तर म्हणालीस, "काही नाही बाबा, झोप झाली नाही." तीसुद्धा असंच म्हणायची. तुझ्यासाठीही वेळ घेऊन येतो.

आईची तपासणी राहून गेली. तुझी अजून व्हायची आहे.

बाबा