कुंकू लागलेली डिस्क

नाना, तुमची डिस्क या क्षणी माझ्या टेबलावर उघडी पडली आहे. कॅबिनेट नाही, स्क्रू नाही. खाली जुना माउसपॅड, मागे अडॅप्टर, त्याची एक वायर माझ्या कॉम्प्युटरला आणि दुसरी भिंतीतल्या प्लगला. आणि ती फिरते आहे. "यंत्र पेटीबाहेर काढलं की मेलं," असं तुम्ही शिंदखेड्याच्या आपल्या दुकानात मला बजावलं होतंत. तेव्हा मी अकरावीत आहे, तुम्ही तालुक्यातल्या लग्नांची शूटिंग करता आणि दुकानातला कॉम्प्युटर बंद पडला आहे. त्याची डिस्क काढून दुसऱ्याला लावून बघू, एवढंच मी म्हणते. तुम्ही माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर काढून घेता. समोर लग्नघरची चार माणसं बसली आहेत, त्यांच्यादेखत म्हणता, "हात नको लावजो. तुन्हं काम नही शे ते. बठ्ठं बिघाडी टाकशी." ती माणसं हसली. ते हसणं मी अजून विसरले नाही आणि विसरणारही नाही.

आता ऐका. तेच काम मी आज करते. धुळ्यात, स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या नावाच्या पाटीखाली. पार चाळीसगावहून लोक बंद पडलेल्या डिस्क पिशवीत गुंडाळून आणतात, आतलं परत काढून घ्यायला. वकील येतात, डॉक्टर येतात, आणि मी बोलेन ते मुकाट ऐकतात. उघडी डिस्क लावायची, ती फिरताना तिला धक्का लावायचा नाही, आणि स्क्रीनवर 'फॉरमॅट करायचं का?' असं आलं की आधी 'नाही' म्हणायचं. नाही म्हणायला तर मी तुमच्याच घरात शिकले.

तुम्ही गेल्यावर, मागच्या रविवारी भाऊ तुमचं दुकान रिकामं करत होता. त्याचा फोन आला, "अक्का, हाई बठ्ठं भंगारमा देई टाकू का?" मी म्हटलं, हात लावू नकोस. तुमच्याच आवाजात म्हटलं, याचा मला रागही आला. गेले, तर पत्र्याच्या ट्रंकेत अकरा डिस्क, प्रत्येक जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली. मेल्या म्हणून काढलेल्या, पण फेकवल्या नाहीत तुम्हाला. दसऱ्याला कॅमेऱ्यासोबत त्यांचीही पूजा व्हायची. ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा, तोही नेमका त्या बारीक छिद्रावर, जे झाकू नका असं शेजारीच इंग्रजीत छापलेलं आहे! या डिस्कवर तर कुंकू ओघळून जोडणीच्या पट्ट्यांवर वाळलं होतं. अडॅप्टरचा दिवा लागायचा, पण कॉम्प्युटरला डिस्क दिसायची नाही. स्पिरिट आणि मऊ ब्रश घेऊन अर्धा तास बसले तेव्हा उघडली. बिघडवलं कोणी, नाना? मी की तुमच्या भक्तीने?

आत तुमची शिस्त जशीच्या तशी. मुलीकडची माणसं आमंत्रणाचा नारळ घेऊन आली की तुम्ही त्यांच्यासमोरच नवरीच्या नावाचं फोल्डर करायचात, लग्नाच्या तारखेसकट. नारळ आल्याशिवाय सख्ख्या पुतणीच्या लग्नातही कॅमेरा बाहेर काढला नाहीत. खाली खाली जात होते. लोकांच्या हळदी, लोकांच्या वराती. आणि मग माझं नाव. पुढे माझ्या लग्नाची तारीख.

ते लग्न तुम्हाला नको होतं. मी जातीबाहेरच्या मुलाचं नाव घेतलं तेव्हा तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. "मंग तुन्हं तू देख," एवढंच म्हणालात. मी माझं बघितलं. धुळ्यात रजिस्टर लग्न केलं, संसार केला, दुकान काढलं. आणि तेव्हापासून भेटेल त्याला सांगत आले, की बापाने अख्ख्या तालुक्याच्या लग्नांत कॅमेरा धरला, पोटच्या पोरीच्या लग्नाला मात्र फिरकला नाही.

फोल्डर रिकामं आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी केलेलं दिसतंय. त्याने काही फिटत नाही, नाना. चार माणसांत माझं हसं केलंत ते केलंतच. ताटावरून उठलात ते उठलातच. एका रिकाम्या फोल्डरवर मी विरघळणार नाही. बाकीच्या दहा डिस्कही मी अशाच उघड्या लावणार आहे, पेटीबाहेर, एकेक करून, आणि त्या चालणार आहेत.

फक्त एक गोष्ट लिहून टाकते, तुम्ही वाचणार नाही म्हणून. तुम्ही येणार नाही असं तुम्ही कधी म्हणाला नव्हतात. तारीख मी तुम्हाला कळवलीच नाही, ती भावाने सांगितली असणार. तुमच्यासाठी नारळ मी आणला होता. दोन दिवस तो खोलीत ठेवला, शिंदखेड्याची बस डोळ्यांदेखत दोनदा जाऊ दिली, आणि लग्नाच्या आदल्या संध्याकाळी फोडून त्याची चटणी केली.