दोन्ही भाषांत झोपलेला काका

ब्वेनोस आइरेस

प्रिय दाल्व्हा,

आधी तुझ्या गुडघ्यांना नमस्कार, मग तुला. (ते तुझ्याहून मानी झालेत, असं तूच लिहिलं होतंस.) मी बरी आहे. एवारिस्तो गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही, म्हणून माझी पत्रं लांबतात, हेही लांबेल.

तुमच्या सांतुसच्या चित्रपट मंडळाचं आमंत्रण मिळालं. दोन भाषांत दोनदा चित्रित केलेल्या आपल्या त्या जुन्या विनोदी बोलपटाची पोर्तुगीज प्रत सापडली म्हणे. आमची स्पॅनिश प्रत गोदामातच जळाली, म्हणजे आता पडद्यावरची सासूबाई तू एकटीच उरलीस. मी काही येणार नाही. ज्या चित्रात मी नाही ते बघायला बोटीत ओकत कशाला यायचं?

तरी आठवणी येतातच गं. सकाळी आम्ही स्पॅनिशमध्ये भांडायचो, दुपारी त्याच दिवाणखान्यात तुम्ही पोर्तुगीजमध्ये. सासूचा झगासुद्धा एकच. मी उतरवला की ऊब जायच्या आत तुला चढवायचे आणि मागून टाचण्या लावायचे (तेव्हा तू काडी होतीस, परवाचा फोटो पाहिला, असो). एवारिस्तो मात्र दोन्हीकडे होता, कारण खुर्चीत झोपलेल्या काकाला भाषा लागत नाही. माझा नवरा दिवसभर पगारी झोपायचा.

आणि आपला तो अबोला! मधल्या सुट्टीत मी माते करायची. एकच तुंबा, एकच नळी, सगळ्यांत फिरणारा आमचा कडू चहा. तू पडलीस कॉफीच्या गावची. पहिलाच तुंबा परत देताना तू गोड हसून आभार मानलेस. आमच्यात असे आभार मानले की त्या माणसाला पुन्हा द्यायचं नसतं. मी दिलं नाही. तू रोज आभार मानलेस, मी रोज तुला वगळलं. मला वाटलं, बाईला माझ्या हातचं रुचत नाही. तुला वाटलं, मी चिकट. (टाचण्यावालीनं ते तिखटमीठ लावून मला पोचवलं.) मग आपण एकमेकींकडे बघेनाशा झालो.

शेवटी तुमच्या चित्रीकरणात, तू जावयाला फैलावर घेतलेलं असताना, झोपलेल्या काकानं डोळे उघडले आणि शांतपणे म्हणाला, “दाल्व्हाबाई, तुंबा परत देताना आभार मानू नका हो. आमची ही चिकट नाही, तुम्हीच रोज पुरे म्हणताय.”

दिग्दर्शकानं टोपी आपटली. तू इतकी हसलीस की टाचण्या सुटल्या, झगा सोफ्यावर आणि तू सोफ्यामागे. त्यानंतर तू एकदाही आभार मानले नाहीस, आणि माझ्या घरची मातेची पानं संपवलीस. ते दिवस फार सुखाचे होते गं, खरंच.

तुझी (आणि तुझ्याहून सरस सासू),
एर्मिनिया

ता. क. येणार नाही म्हटलं ते सोडून दे. बोटीचं तिकीट काढलंय.

आणखी एक ता. क. घरात एवारिस्तोचे फोटो ढिगानं आहेत, आवाज कुठेच नाही. तुमच्या चित्रात तो घोरतो. अभिनय नव्हता तो, खरंच झोप लागली होती त्याला. जन्मभर कोपरानं ढोसून मी ते घोरणं बंद पाडलं. तेवढं मशीनवाल्याला सांग, तिथे आवाज मोठा कर म्हणावं. लोक हसतील, हसू देत. तू फक्त तेव्हा माझ्याशी बोलू नकोस.