सूनबाईची भूक

५ नोव्हें.
प्राजक्ताची पाळी चुकलीय. सांगितलं नाही, पण सासूच्या नजरेतून काही सुटतं होय? तीन भाकऱ्या खाऊन उठते नि तासाभरात परत डब्यात हात. महेशचा कंपनीचा डबा भरायला घेतला तर भाजी निम्मी गायब. "मी नाही खाल्ली, आई." बरं बाई! मांजरानं झाकण काढलं असेल.

९ नोव्हें.
कमळ मासेवाली दारात बोंबील साफ करत होती. प्राजक्ता तांब्याभर पाणी प्याली, आत गेली, परत येऊन प्याली. कमळ हळूच म्हणते, "काकू, सून पोटाशी हाय वाटतं. मना सांगा की!" म्हणजे बोईसरभर झालं, मलाच कुणी सांगत नाही.

१० नोव्हें.
महेशला खोदून विचारलं. म्हणे, टेस्ट केली, काही नाही. दोघं मिळून लपवतायत. तीन महिने बोलायचं नसतं, कबूल. पण माझ्यापासून?

१४ नोव्हें.
महेश फर्स्ट शिफ्टला. दार लावून तिची चोरओटी भरायला बसले. खण, नारळ, तांदूळ. कराडला आमच्याकडं अशीच गुपचूप भरतात. तिनं ताटच ढकललं. "कितीदा सांगू, नाहीये काही!" तणतणत उठली नि चौकटीवर आपटली. हल्ली रोजच आपटते. मला वाटायचं, रागानं. खांदा काळानिळा झालाय पोरीचा. तांदूळ वेचताना मलाच रडू आलं.

१९ नोव्हें.
सारखी आपटते म्हणून पालघरला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी बाजूनं बोट हलवलं, प्राजक्ताला दिसेचना. लगेच डोक्याचा फोटो काढायला लावला.

२२ नोव्हें.
गाठ आहे. मेंदूत हायपोथॅलॅमस म्हणून चिमूटभर जागा असते, तिला दाबतेय, शेजारच्या डोळ्यांच्या नसेलाही. भूक, तहान, पाळी, अंगाचं वाढणं, संताप, सगळा कारभार तिथला. पोट भरलं तरी डोकं 'भरलं' म्हणतच नाही. माझा विश्वास बसेना. बोईसरला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. तेही तेच म्हणाले. आणि मी पोरीला चोर ठरवून मोकळी.

२५ नोव्हें.
खाणं मोजून द्यायला सांगितलंय. फराळाचे डबे कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. "आई, भूक लागलीय हो." पाठ फिरवून उभी राहिले. उपाशी पोराला नाही म्हटल्यासारखं वाटतं.

२९ नोव्हें.
सोमवारी मुंबईला ऑपरेशन. वेणी घालून दिली, तर एकदम मांडीवर डोकं ठेवलं. "आई, तुम्ही आहात म्हणून भीती वाटत नाही." लग्न झाल्यापासून असं कधी बोलली नव्हती. डॉक्टर म्हणालेत, माणसाचा स्वभावही बदलतो. मग हे कोण बोललं, पोर की गाठ? नुसती थोपटत राहिले.

गाठ निघू दे रे देवा. पण तिच्याबरोबर हेही निघून गेलं तर?